स्लॉट सात

रात्रीचे दोन वाजून दहा. चांदिवली.
चौथ्या मजल्यावर एक गार गल्ली, एक गरम गल्ली,
मधे रॅकची भिंत
आणि पंख्यांचा असा घोष
की स्वतःलाच हाक मारली तरी ऐकू येऊ नये.

स्लॉट सातमधली डिस्क गेली आहे.
गेली म्हणजे आहे तिथंच आहे,
फक्त विचारलं तर बोलत नाही.

आधी हात बांध, तुस्कानो सर सांगायचे.
मनगटाला पट्टा, त्याची तार रॅकच्या उघड्या लोखंडाला.
तुझ्या अंगात वीज असते, ओढणीत, केसांत.
तुला कळत नाही. चिपला कळते.

मग मोज. शून्यापासून.
आपण बोटांवर एकापासून शिकलो,
हिचा सात म्हणजे आपला आठ.
या एका बोटाच्या फरकात
सरांच्या हातून एकदा चांगली डिस्क बाहेर आली होती.
एका इस्पितळाच्या तीन वर्षांच्या सोनोग्राफ्या.
तो किस्सा ते वसईला जाता जाता सुरू करायचे
आणि नायगावच्या आत विषय बदलायचे.

म्हणून शेवटचे चार आकडे मोठ्यानं वाचायचे,
आणि ऐकायला दुसरा माणूस हवा.
कुणीही चालतो. आज अंकुश डोंगरदिवे,
दारावरचा, मफलर गुंडाळून,
हातात माझा कागद वर्तमानपत्रासारखा लांब धरलेला.

निळा दिवा लुकलुकत होता. बोट खटक्यावर.
मी ओरडले : चार, चार, नऊ, एक.
तो गप्प.
मग कानाशी येऊन :
मॅडम, इथं एक-नऊ आहे.

कागद बरोबर होता. मी चुकीच्या पेटीसमोर.
वरच्या खणातला दिवा मागच्या आठवड्यात
कुणीतरी पेटवला आणि विझवायचा राहिला.
खालच्या खणात दुसरा निळा दिवा,
इतका वेळ, मुकाट, मला बोलावत.

बोट काढलं.
गार गल्लीत घाम येतो, हे कुठल्या पुस्तकात नाही.

खाली बसले. चार, चार, एक, नऊ.
तो म्हणाला, हां.
खटका दाबला, बोटभर ओढली, थांबले.
थाळ्या लगेच थांबत नाहीत.
गेलेली असूनही ती ट्रेमधून हाताला झटके देत होती,
मनगट धरून वळवल्यासारखे.
तीस मोजायचे. मी मोजले, अंकुशनंही मोजले,
त्याचे जरा उशिरा संपले.

नवी आत. चार स्क्रू, सरळ, जोर न लावता.
खट्.
पिवळा, पिवळा, मग हिरवा.
शून्य पूर्णांक तीन टक्के. अजून चौदा तास.

आता बाकीच्या अकरा जणी
आपापल्याकडचं थोडं थोडं सांगतील,
आणि त्यावरून गेलेलीकडे काय होतं ते
नवीला कळेल, अक्षरन् अक्षर.
त्याही एकाच वर्षीच्या, एकाच खोक्यातल्या.
चौदा तास कुणी आजारी पडू नये, एवढंच.

जुनी पिशवीत घातली. पाऊण किलो, अजून कोमट.
काय होतं हिच्यात?
माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नसतं.

दाराशी त्यानं वही उघडली.
एक नग आत. एक नग बाहेर. सही इथं.
'कारण'च्या रकान्यात थोडा वेळ पेन अडला,
मग लिहिलं : बदली.

माझा बाप बदली होता, शिवडीच्या मिलमध्ये,
तो वही मिटताना म्हणाला.
पहाटे गेटवर उभा राहायचा.
कुणी आलं नाही तर आत.

मी वरच्या खणातला दिवा विझवायला परत गेले.