काशानची गाठ

गालिचा वाचायचा तो पाठीकडून.
तबरीजच्या बाजारात, घुमटाखालच्या गाळ्यात
चाळीस वर्षं मी हेच करतो:
भोकं बुजवतो, कसरीशी भांडतो.

हा हेरीझचा. बघताक्षणी कळतं.
तिथल्या बायका फुलालाही कोपरे पाडतात,
वळण म्हणून घेत नाहीत,
आणि गाठ दोन्ही ताण्यांना कवेत घेणारी.

पण किनारीजवळ, वीतभर जागेत,
बोटं अडखळली.
इथं गाठ एकाच ताण्याला वेढा घालते,
दुसऱ्याच्या नुसती मागून जाते.
ही काशानची सवय.
आणि फूल चक्क गोल.

कोण होतीस गं? सून म्हणून आलेली?
सासूनं पाहिलं आणि उसवलं नाही,
की ती तेव्हा शेळ्यांची धार काढायला गेली होती?
पुढच्या ओळीपासून पुन्हा कोपरे,
मुकाट, शेवटपर्यंत.

नेमकी त्याच फुलाची पाकळी कसरीनं खाल्लीय.
मालकाला गुरुवारी हवाय.
युनूस विचारतो, उस्ताद, कुठली गाठ मारायची?

मंजिष्ठेचा लाल धागा सुईत ओवून
बसलोय.
चहा दोनदा निवला.
माझा हात तबरीजचा आहे.