बाकीचे काढ

आमच्या गावात मेलेला माणूस भिंतीवर लागतो,
काळ्या किनारीत.
तीस दिवसांनी त्याच भिंतीवर
आभार लागतात.
दोन्ही मीच छापतो. खळही मीच शिजवतो.

एउस्ताकिओ आला तो शेतातल्याच कपड्यांत,
टोपी हातात, चर्चमध्ये धरतात तशी.
मी तयार मजकूर पुढे सरकवला, चाळीस वर्षं तोच:
'दुःखात सहभागी झालेल्या सर्वांचे
कुटुंबीय सेंतितामेन्ते आभार मानतात.'

"हा मधला शब्द कशाला?"
मनापासून, म्हटलं. सगळेच घालतात.
त्याचे वेगळे पैसे नाहीत.

तो स्टुलावर बसला.
"सर्वांचे नाही मानायचे.
सर्वांनी फुलं पाठवली.
नुन्त्सिया रात्री दोनला जिना उतरून यायची
आणि इनकोरोनाताला कुशीवर वळवायची.
मी वळवायला गेलो की ही कळवळायची.
चौदा महिने.
अंजिराच्या झाडावरून आमचं बोलणं बंद,
तेव्हाही बंदच.
यायची, वळवायची, चादर ओढायची, जायची."

मग सांग ना तोंडानं. ग्रात्सिए. एवढंच तर आहे.

"बहिरी आहे ती.
आणि ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडलो
तर गल्लीला वाटेल, पुन्हा भांडतोय."

मी हसलो. तो नाही.

सेन्तीरे.
आमच्यात ऐकणं, जाणवणं, वास येणं,
सगळ्याला हे एकच क्रियापद.
त्यातूनच तो मधला शब्द निघालेला.
उभा जन्म खिळे जुळवण्यात गेला
आणि हे मला त्या दुपारी सुचलं.
त्याला सांगितलं, उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून.

तो बराच वेळ टोपीची कड फिरवत राहिला.
"मग तो राहू दे," म्हणाला. "बाकीचे काढ."

बाकीचे काढले.
उरली नुन्त्सिया, तो शब्द, आभार,
आणि खाली कोपऱ्यात त्याचं नाव, बारीक टायपात.
एवढ्या मोठ्या कागदावर
पांढरं फार दिसत होतं.
किनार काळी घालू का, विचारायचं राहून गेलं.
घातली नाही.

एकच प्रत. तीस प्रतींचे पैसे ठेवून गेला,
ते अजून खणात पडलेत.

पहाटे तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर लावला,
नेहमीपेक्षा खाली, बाई बुटकी आहे.
खळ ओली होती, एक कोपरा धरत नव्हता.
बादली उचलून मी वळणावर थांबलो.
थांबायला नको होतं.

ती आली, दुधाचं भांडं घेऊन.
वाचलं. दोनदा,
किंवा एकदाच, सावकाश.
भांडं पायरीवर ठेवलं, अॅप्रनला हात पुसले,
आणि तो सुटलेला कोपरा
तळहातानं हळूहळू दाबत नेला कडेपर्यंत,
जशी झोपलेल्या माणसाला जाग न आणता
चादर सारखी करतात.