तीनशे सतरा

एक वाजून दहा मिनिटं. वडगावातले माग थांबलेत,
शेवटी कुणाचा थांबला ते मला खडखडीवरून कळतं.
बदल एवढासाच, सात ओळींचा:
पासबुकावर नाव छापताना चौकटीबाहेर सांडणारी अक्षरं
आत घ्यायची.
माझ्याकडे झकास दिसतंय. कित्तूर, हत्तरगी, हुक्केरी
सगळे नीट बसलेत,
लग्नातल्या फोटोला बसल्यासारखे.

गोकाकहून रुद्रगौडाचा निरोप संध्याकाळीच पडलाय:
"ढकल की गं, सकाळी बघू."
ढकलायला काय लागतं.
पण सकाळी बघणारा रुद्रगौडा नसतो.
सकाळी बघतो खानापूरच्या खिडकीतला पावलू,
आणि त्याच्या पुढ्यात रांग.

म्हणून चाचण्या लावते. चारशे बारा.
एकेक हिरवी ओळ उतरते
इन्व्हर्टरला झेपेल तशी.

नवीन आलेला पोरगा परवा विचारत होता,
जिथं हातच लावला नाही ते कशाला तपासायचं?
त्याला उद्यमबागेत नेलं, बाळाप्पांच्या फौंड्रीत.
ओतीव नग साच्यातून निघाला की
हातोडीनं टक् करायचं आणि कान द्यायचा.
प्रत्येकाला. साचा तोच असला तरी.
"काल वाजलं म्हणून आज वाजतंय व्हय?"
पोरगा हसला.
मग त्यानं हातोडी मागितली.

या चारशे बारांतली एकही आम्ही हौसेनं लिहिलेली नाही.
एक्काहत्तर म्हणजे ती दिवाळी, व्याज दोनदा जमा झालेली;
लोकांनी पैसे परत आणून दिले,
सगळ्यांनी नाही.
एकशे नऊ म्हणजे एकोणतीस फेब्रुवारी.
दोनशे चाळीस कशासाठी आहे ते कुणालाच आठवत नाही,
काढून टाकायचं धाडसही कुणाला नाही.

तीनशे सोळा, हिरवी.
तीनशे सतरा
लाल.

हवं होतं: होन्नव्वा शिद्दलिंगप्पा तळवार.
मिळालं: होनवा शिदलिंगपा तळवार.

चौकटीत मावावं म्हणून
माझ्या सात ओळींनी बाईचा एक न खाल्ला, एक व खाल्ला,
नवऱ्याचंही अर्धंमुर्धं.
आखूड नावं सुटली. लांब नावाची माणसं सापडली.

हे असंच एकदा झालं होतं.
पासबुकावर एक नाव, आधारवर दुसरं,
आणि पावलूच्या आधीचा कारकून म्हणाला, या तुम्ही नव्हेच.
नाऽन री, नाऽन, म्हणाली ती.
मग मराठीत, मीच हो, मीच.
मग काहीच म्हणाली नाही, खिडकीशी उभी राहिली
जेवणाच्या सुट्टीपर्यंत.
त्या रात्री जॅसिंतानं ही चाचणी लिहिली.
खाली शेरा लिहायची पद्धत आहे; तिनं तो लिहिला नाही.

होन्नव्वा वारली त्याला दोन वर्षं झाली.
खातं बंद.
नाव अजून रोज रात्री छापून बघतो आम्ही.

सातातल्या तीन ओळी खोडल्या. अक्षर नको कापायला,
चौकटच वाढवली. ओळ आता थोडी वाकडी दिसते.
दिसू दे.

पुन्हा एकपासून.
रुद्रगौडाला कळवलं: ढकललं नाही.
लगेच उत्तर: "झोपली नाहीस?"
तूही नाहीस की, असं लिहिलं आणि पुसलं.

तीनशे सतरा गेली. मी श्वास सोडला नाही, अजून पंच्याण्णव आहेत.
तीनशे अठ्ठ्याण्णवला इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला.
चौदा.
पडद्याचा उजेड कमी करते, पंखा बंद करते,
आणि हात मांडीवर ठेवून बसते.