पदरमोड

रकाना सातवा : अर्जदाराचा स्वतःचा वाटा.
त्सिरानं लिहिलं : बोंदोची व्हॅन, डिझेल सोडून.
मावसबहिणीच्या दोन खोल्या, युनिटला झोपायला.
रोज सकाळी चाळीस शोती, भट्टीतून काढलेल्या, गरम.
मी म्हणालो, आकडा हवा. युरोत.
ती म्हणाली, पाव कुठल्या चलनात मोजतात ते तूच बघ, ओतिया मास्तर,
भाषांतर तुझं.

चिआतुरात मी मुलांना इंग्रजी शिकवतो
आणि हिवाळाभर हिचे अर्ज.
खाली नदी, वर मँगनीजच्या खाणी,
मधे हवेत तारा. त्या तारांवरच तिची पटकथा लोंबते :
पाळणा चालवणारी लामारा,
बत्तीस वर्षं एकच बटण.
एका दुपारी वीज जाते. वर अडकतात
एक दंतवैद्य, एक बोकड,
आणि लामारानं कधीकाळी नाही म्हटलेला माणूस.
पंचावन्न मिनिटं. वर-खाली बोलायला एक टेलिफोन,
तोही खरखरणारा.

हाच चित्रपट का, आत्ताच का?
शंभर शब्द.
त्सिरानं अकरा लिहिले :
तारा बदलल्या. नवे पाळणे काचेचे. दारं आपोआप लागतात.
लामाराला घरी पाठवलं.
मी त्याचं केलं,
उत्तर-औद्योगिक भूप्रदेशातील सामूहिक स्मृतीचा वेध.
तिनं कागद उलटसुलट करून पाहिला.
यात लामारा कुठेय?
स्मृतीच्या मागे उभीय, मी म्हणालो,
आणि माझं मलाच कसंतरी झालं.

खोडलं. अकरा शब्द ठेवले.
एकोणनव्वद रिकामे.

ताकाला जायचं तर भांडं लपवू नये, हे कळतं.
पण इथे भांडंही मोजून हवं :
किती लिटर, कुठल्या धातूचं,
ताक प्यायल्यावर समाजात काय बदल घडेल.
आणि अर्जदार कशी, तर उदयोन्मुख.
त्सिरा त्रेचाळीसची.
मागच्या निधीला पस्तिशीची अट होती,
तेव्हा ती सदतीसची होती आणि पोरगा तापानं फणफणलेला.
यंदा अट नाही. यंदा फक्त पासपोर्टची प्रत,
पाच एमबीच्या आत.
आमची नऊची.

मुदत मध्यरात्रीपर्यंत. मध्यरात्र त्यांची,
आमचे पहाटेचे तीन.
पावणेतीनला मी तिचा चेहरा छोटा करत होतो,
अजून छोटा, अजून धूसर,
चार पूर्णांक आठवर तो गेला.
ती तोवर उठून उभी होती, बाह्या वर सारून.
भट्टी साडेतीनला पेटते.
झालं का, म्हणाली. झालं म्हटलं.
मग जाते, कणीक फुगली असेल.

एप्रिलात पत्र आलं.
मी बेकरीच्या दारात उभ्यानं वाचून दाखवलं.
ती भट्टीत कमरेपर्यंत वाकलेली,
आतल्या भिंतीवर शोती थापत.
अभिनंदन, असा शब्द पहिल्याच ओळीत होता.
ती वाकलेलीच राहिली.
उष्णतेमुळे असेल, मला तिचा चेहरा दिसला नाही.
पुढे वाच.
आठ आठवडे, राहणं त्यांचं, मार्गदर्शक त्यांचे,
पटकथेचं पुनर्लेखन, निर्मात्यांच्या भेटीगाठी.
पुढे.
प्रवासखर्च, अर्जदाराचा स्वतःचा.

तेव्हा ती वर आली. भुवयांवर पीठ.
हसली, म्हणजे आधी खोकली, मग हसली.
तिकीट किती?
नऊशे लारी, मी म्हणालो, स्वस्तातलं, दोनदा बदलून.
शोती दीड लारीची.
सहाशे शोती, माझा हिशेब पटकन झाला.
विक्रीतल्या की नफ्यातल्या? तिनं विचारलं.
पीठ धरलंस? लाकूड? बोंदोचे पैसे?
मी भाषांतरवाला, मी गप्प बसलो.

एवढ्यात लामारा आली. खरीच,
जांभळा स्वेटर, हातात जाळीची पिशवी.
तिला यातलं काही ठाऊक नाही.
दोन शोती घेतल्या, एकीचं टोक तिथेच मोडून खाल्लं,
पाकीट घरी राहिलं म्हणाली,
आणि दारातून मागे वळून त्सिराला :
लिहून ठेव.