पत्रापुरती फट

भाऊ फ्रान्सला गेला, तेव्हा त्याची टपालाची पिशवी
माझ्या खांद्यावर आली.
पट्टा त्याच्या मापाचा होता.
मी खिळ्यानं एक जादा भोक पाडलं.

ब्लॅकहोपच्या चढावरचं शेवटचं घर प्राध्यापकांचं.
त्यांना पत्रं यायची दोन नावांनी.
एडिंबराहून, जुन्या विद्यार्थ्यांची: निनियन कारस्टेअर्स यांस.
वकिलाची, लोकरीच्या दलालाची:
निनियन कारस्टेअर्स-रिडेल यांस.
कुणा दूरच्या मावशीनं मृत्युपत्रात लिहिलेलं,
घर, तळं, चारशे मेंढ्या,
आणि माझं आडनाव.
घ्यायचं तर सगळं घ्या.
त्यांनी घेतलं.
"मेंढ्यांनी हरकत घेतली नाही," म्हणाले.

गाव हसायचं.
'मी' या एवढ्याशा अक्षरावर ज्यानं तीनशे पानं लिहिली
त्याला स्वतःचं नाव काही सांभाळता आलं नाही.

मी एकदा विचारलंच, दारात निथळत उभी असताना.
"ग्रिझेल," ते म्हणाले, "माझं नाव तुम्ही लोक वापरता.
तुमचंच आहे ते, बदला हवं तर.
पण मला 'मी' म्हणून
दुसऱ्या कुणी हाक मारून दाखवावी."
चढ उतरेपर्यंत मी खटपट करत होते.
एक मेंढी टक लावून बघत होती.

तरुणपणी जर्मनीत शिकताना
त्यांनीही मानलं होतं म्हणे,
की आपण सगळे एकाच समुद्राचे थेंब,
वेगळेपण म्हणजे नुसता फेस.
मग एका रात्री दाढ दुखायला लागली.
पहाटेपर्यंत ठणका,
आणि भिंतीपलीकडे घरमालकीण घोरतेय.
"सगळ्यांत एकच जीव आहे," ते म्हणाले,
"तर तिला निदान कूस तरी बदलायला हवी होती."
त्या दाढेवर त्यांचं पहिलं पुस्तक उभं आहे.
गुरूंनी ते न उघडताच परत पाठवलं.

तार फटीतून सरकवायची नसते.
हातात द्यायची, असा नियम.
लडोविकनं भरती होताना जुनंच आडनाव सांगितलं होतं.
त्यामुळे तारेवर एकच नाव होतं, आखूड.
त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं.
आतला मजकूर नाही. नाव.

मग पत्रांचा ढीग.
पाद्री, सहकारी, ते म्हातारे गुरूसुद्धा:
काही हरवत नाही, थेंब समुद्राला मिळाला.
प्राध्यापकांनी पत्राची घडी घातली, उलगडली, घातली.
"तो गळ डाव्या हातानं टाकायचा," म्हणाले.
"समुद्र हे कुठे ठेवणार?"

त्यांनी लिहिलंय, एकाच्या आत
दुसऱ्याला शिरता येत नाही, कधीच.
एडिंबरात यावर भांडणं झाली.
माझं त्यात काही भांडण नव्हतं.
तीन वर्षं मी दारांपुढे उभी राहिलेय.
दार ओक असो, पाइन असो,
पत्रापुरती फट असते,
आणि पलीकडे ते कुणी उचललं की नाही
हे इकडून कळत नाही.

गिडियन परत आला. म्हणजे, स्टेशनवरून मी त्याला आणला.
बोलत नव्हता.
भिंतीकडे तोंड करून बसायचा, सूप गार व्हायचं.
आत कोण आहे, मी विचारत राहायचे.
प्राध्यापकांनी ऐकलं, सांत्वन केलं नाही.
पण दर मंगळवारी एक पाकीट द्यायला लागले,
बंद, वर फक्त 'गिडियन'.
ते मी डोंगरावरून आमच्याच घरी आणायचे
आणि त्याच्या खोलीच्या दाराखालून सरकवायचे.
आत काय असायचं, माहीत नाही.
वाफेवर धरून उघडता आलं असतं.
किटली समोरच होती.

अकरावं की बारावं पाकीट असेल.
मी बूट काढत होते.
तो बाहेर आला, खुंटीवरची पिशवी काढली,
पट्ट्यावरून अंगठा फिरवत फिरवत थांबला.
"हे वाकडं भोक कुणी पाडलं?"

"मी," मी म्हटलं.