दार नव्हे, वाद्य

अंकोनाच्या बंदरात, कंटेनरच्या कचेरीत
एका कोर्समध्ये शिकवली होती मला ही युक्ती:
कागदावर अधिकचं चिन्ह काढा,
चार घरं होतात,
आणि धंदा त्यात बसतो.

रविवारी बाबांच्या कारखान्यात,
कारखाना कसला, एक खोली, दोन बाकं,
खिडकीत मेणाचं पातेलं,
मी जुन्या पुठ्ठ्यावर ते चिन्ह काढलं.
बाबा म्हणाले, क्रूस बरा आलाय. कोण गेलं?

पहिलं घर, बळ.
नाझ्झारेनो, वय शहात्तर, अकॉर्डियन-दुरुस्ती.
फोनवर कुणी एक सूर दाबून धरला
तर सांगतात, कुठल्या स्वरपट्टीचं मेण सुटलंय.
मधमाशीचं मेण किती, राळ किती,
हे त्यांनी आजवर कुठंच लिहिलेलं नाही.
मी ते बळात मांडलं आणि थबकले.
न लिहिलेलं गूगलला दिसत नाही.
खोडलं. शेजारच्या घरात लिहिलं.

ते शेजारचं घर, उणिवांचं, भरायला वेळ लागला नाही.
आमची वेबसाइट म्हणजे एकच पान,
चुलतभाऊ लोरिसनं केलेलं, अकरा वर्षांपूर्वी.
उघडेपर्यंत कॉफी वर येते.
एक फोटो, फोटोत बाबांची पाठ,
खाली एक वाक्य: आम्हाला सगळे ओळखतात.
सगळे म्हणजे कोण?
त्यांतले निम्मे आता टेकडीपलीकडे
सुरूंच्या सावलीत आडवे झालेत.

मग मी परक्यासारखं शोधून पाहिलं:
अकॉर्डियन दुरुस्ती.
पडद्यावर आली दारं.
घडीची दारं, प्लास्टिकची, न्हाणीघराची.
आमच्या भाषेत त्यांनाही तेच नाव.
बिजागरीवाल्यांची तीन पानं उलटल्यावर
चौथ्याच्या तळाशी
बाबांची पाठ.

धोके: दारं, मी लिहिलं.
जाहिरातीत पैसा ओतणारी मिलानची कंपनी, लिहिलं.
आणि बाबांचा उजवा हात,
जो हल्ली कानस धरताना थरथरतो,
तो कुठल्या घरात?
कोर्समध्ये सांगितलं होतं,
आतलं ते वर, बाहेरचं ते खाली.
हात आतला. वय बाहेरून येतं.
पेन रेघेवरच टेकून राहिलं, शाई पसरली.

संधीचं घर भरलं रात्री.
लोक मध्यरात्री यंत्राला काय काय विचारतात
त्याची यादी मिळते.
आजोबांच्या अकॉर्डियनला माळ्याचा वास येतो, काय करू.
एकच बटण खोकल्यासारखं वाजतं.
दहा वर्षं मिटलेला भाता उघडू का.
ह्यांना उत्तर द्यायला दारवाले कशाला येतील?

मी एकेक वाचून दाखवत गेले,
बाबा मान वर न करता बोलत गेले:
उघडू नकोस. आधी उबेला ठेव.
थंडीतून आलेल्या पाहुण्याला
लगेच गायला सांगतं का कुणी?
तेच उतरवून घेतलं, एका प्रश्नाला एक पान,
आणि प्रत्येक पानावर ठळक:
अकॉर्डियन. वाद्य. दार नव्हे.

तीन महिन्यांनी आम्ही दुसऱ्या पानावर, सातवे.
बाबांनी विचारलं,
म्हणजे अजून किती पायऱ्या?

त्याच आठवड्यात ओसिमोहून एक माणूस आला,
गाडीच्या टपावर दार बांधून.
वाचलं होतं, म्हणाला, पण अर्धंच.
मी हसून त्याला परत पाठवणार, तोवर बाबांनी
दार बाकावर आडवं घेतलं,
उघडलं, मिटलं, कान लावला.
चौथ्या घडीत चिरलंय, म्हणाले,
आणि शेळीच्या कातड्याची पट्टी,
भात्याला लावतात ती,
डाव्या हातानं चिकटवून दिली.

पुठ्ठा अजून भिंतीवर आहे, शाईच्या डागासकट.
ह्या माणसाला कुठल्या घरात लिहू, मी विचारलं.
बाबा मेण ढवळत होते.
त्याला आधी खुर्ची दे, म्हणाले.
घर नंतर बघ.