खोटी नोट मी पाहिलीच नाही

चौतीस वर्षं मी नोटा तपासल्या,
नाशिकरोडला, खिडकीपासून दुसऱ्या टेबलावर.
भोंगा व्हायचा, जेलरोडच्या सायकली फाटकाकडे वळायच्या,
दारात झडती, आणि आत गेल्यावर
खिशात स्वतःचा एक रुपयाही नाही.
हे आधीच सांगतो, कारण लोक विचारतात,
लग्नात, मयतीत, बिटको चौकात रिक्षाची वाट बघताना
नोट पुढे करतात:
बघा हो, खरी आहे ना?

मला सांगता येत नाही.

खोटी नोट मी पाहिलीच नाही कधी.
माझ्यापुढे आल्या त्या सगळ्या खऱ्या,
त्याच कागदाच्या, त्याच यंत्राच्या पोटच्या.
त्यातली एखादी, आकडा केसभर सरकलेला,
एखादीचा हिरवा जरा जास्तच प्यायलेला,
धागा हुकलेला, कोपऱ्याला चुणी.
लाल पेन्सिलीची रेघ, बाजूला.
संध्याकाळी भुगा.
म्हणजे इतकी वर्षं आम्ही
खऱ्यातलं चुकलेलं तेवढं मारत बसलो.
खोटं बाहेर होतं,
हातातून हातात, बिनबोभाट.

शिणगारे साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते,
डोळ्यांवर विसंबू नका.
शंभराव्या नोटेनंतर डोळा बघत नाही, आठवतो.
मग बोट फिरवायचं.
दोन वर्षांत बोटही आठवायला लागलं.
विचारलं, साहेब, आता कशानं बघू?
शरणपूरचे ते, रविवारचं चर्च न चुकवणारे.
वाटलं, काहीतरी वचन सांगतील.
चष्मा पुसत राहिले.
म्हणाले, थोडं थांबा. पाणी पिऊन या.

गेल्या बुधवारी गोदाकाठच्या बाजारात
चांगुणाबाईकडून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या,
शंभराची दिली.
तिनं बघितलीसुद्धा नाही.
कानाशी नेऊन एकदा झटकली,
भाजीवरचं पाणी झटकावं तशी,
आणि परत केली.
ही नाही चालायची, बाबा.
का?
वाजत नाही.

म्हटलं, मी प्रेसमधला आहे.
मंग तर तुमाला कळायला पायजे व्हतं.
शेजारचा लसूणवाला म्हणाला, खरीये, भिजून वाळली असंल,
आवाज गेला तिचा.
तराजूमागचं पोरगं म्हणालं, काका, उजेडात धरा.
धरली. अंगठा फिरवला.
अंगठा म्हणाला: पास.
पण त्याला दुसरा शब्द येतोच कुठं?

सुटे देऊन मी पायऱ्यांवर येऊन बसलो.
समोर दुतोंड्या मारुती,
श्रावणातल्या पुराचा गाळ अजून कमरेच्या खाचेत.
पूर किती होता ते आम्ही नाशिककर
त्याच्या अंगावरून सांगतो,
गुडघ्याला आला, छातीला लागला, गळ्याशी टेकला.
सगळे आकडे बरोबर असतात.
पाणी किती गार होतं,
ते त्याला कुणी विचारलेलं नाही.

नोट घरी आहे, विजेच्या बिलांच्या फाइलीत.
वत्सला म्हणते, बँकेत दाखवून टाका,
मशीन एका क्षणात सांगेल.
सांगेल, माहीत आहे.
मशीननं सांगितलं की मला उत्तर मिळेल,
आणि उत्तर मिळालं
की अंगठा पुन्हा झोपी जाईल.
म्हणून रात्री दिवा ओढून घेतो,
तिचा आवाज ऐकतो, नाही येत,
पाणी पिऊन येतो,
पुन्हा पहिल्यापासून बघतो.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एका नोटेकडे
एवढा वेळ बघतोय.

या बुधवारी चिल्लर घेऊन गेलो.
जुडी बांधता बांधता चांगुणाबाईनं विचारलं,
काय झालं त्या नोटंचं?

म्हटलं, बघतोय अजून.
ती म्हणाली, बघा बघा.
आणि चिल्लर न मोजताच
पोत्याखाली सारली.